जाऊबाईंचा डावा अंगठा

आमच्या जाऊबाई कशालाही भीत नसत, असं सगळे म्हणत. कारखान्यातले म्हणत, शेजारचे म्हणत, त्यांची स्वतःची मुलगीसुद्धा म्हणे. मी त्यांना एकवीस दिवस घाबरलेलं पाहिलं आहे. त्या दिवसांच्या नोंदी माझ्या वहीत आहेत, त्यामुळे दिवसांची गफलत व्हायची नाही. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांतलं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

जाऊबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा आमचे हे सहा वर्षांचे होते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ह्यांना आंघोळ घालणं, बुटांच्या नाड्या बांधायला शिकवणं, पाटीवर हात धरून अक्षरं गिरवून घेणं, सगळं जाऊबाईंनी केलं. पुढे थोरले भाऊजी अचानक गेले आणि जाऊबाई बुटांच्या टाचा करणाऱ्या कारखान्यात मशीनवर उभ्या राहिल्या. हे मोठे होऊन त्याच कारखान्यात फिटर झाले. मी या घरात आले तेव्हा दीर-भावजय सकाळी एकाच भोंग्याला बाहेर पडत आणि संध्याकाळी चामड्याचा आणि सरसाचा एकच वास घेऊन परत येत. दोन खोल्यांचं घर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कारखान्याची भिंत दिसे, आणि वारा तिकडून असला की मशीनांचे ठोके ऐकू येत.

नवी असताना मी एकदा विचारलं, "ताई, तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

"दिवसभर पाय आपटते," त्या म्हणाल्या. "माहेरी आपटले असते तर फुकट गेले असते. इथे निदान टाचा तरी होतात."

मग त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि चार काड्यापेट्या एकावर एक रचल्या. बुटाची टाच आपल्याला एकसंध वाटते, पण ती चामड्याच्या पाच-सहा थरांची असते. ते थर साच्यात एकावर एक ठेवायचे. मशीनच्या बाजूला एक जड चाक सतत फिरत असतं. खालची पायपट्टी दाबली की एक खुंटी त्या चाकात अडकते, वरचं डोकं धाडकन खाली येतं आणि सात खिळे एका ठोक्यात सगळ्या थरांतून आरपार बसवून पुन्हा वर जातं.

"आता तू मशीन हो," जाऊबाई म्हणाल्या. "हात वर धर. मी पाय आपटला की मनातल्या मनात 'एक' म्हण, आणि मग मार."

"एक कशाला म्हणायचं?"

"आमची मशीनं म्हातारी आहेत. पाय दाबला की लगेच मारत नाहीत. जरा दम खातात. तेवढ्या दमात आपलं काम उरकायचं."

त्यांनी पाय आपटला. मी मनात 'एक' म्हणून तळहात आपटला. तेवढ्यात त्यांचा डावा अंगठा आत येऊन सगळ्यात वरची काड्यापेटी सरळ करून गेलासुद्धा. मी पंधरा-वीस वेळा प्रयत्न केला. एकदाही अंगठा सापडला नाही. माझा तळहात लाल झाला आणि जाऊबाई हसून हसून बेजार.

सगळ्यात वरचा थर नेहमी किंचित सरकतो. तो सरळ करायला कारखान्याने लाकडी काठी दिली होती, पण तिने काम निम्म्यावर येई. म्हणून बायका आधी पाय दाबत आणि मशीनचा दम चालू असताना अंगठ्याने थर बसवत. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं की पायपट्टी दाबल्यावर हात आत नेऊ नये. सुपरवायझर किंवा फिटर दिसला की सगळ्याजणी काठ्या हातात घेत. त्यामुळे आमच्या ह्यांना, एवढी वर्षं त्याच मशीनांचं तेलपाणी करत असूनही, अंगठ्याची गोष्ट ठाऊक नव्हती. मला होती. त्या दिवशी मी ती वहीत लिहिली होती, अगदी काड्यापेट्यांच्या चित्रासकट.

यानंतर चौथ्या वर्षी कारखाना साफसफाईसाठी तीन दिवस बंद राहिला. जाऊबाई मुलीकडे गेल्या. तिथूनच त्या चौथ्या दिवशी सकाळी परस्पर कामावर जाणार होत्या. त्या तीन दिवसांत ह्यांनी एक नंबरचं मशीन, म्हणजे जाऊबाईंचंच मशीन, खोलून दुरुस्त केलं. ह्यांच्या डोक्यात ते वर्षभर घोळत होतं. जाऊबाई त्यावर येण्याआधी त्याच मशीनने पाय एकदाच दाबला असता दोन ठोके दिले होते आणि तेव्हा त्यावर असलेल्या बाईची दोन बोटं गेली होती. आता ती पॅकिंगला बसे. तिला सगळे आठबोटी म्हणत, आणि तीही ओ देई. "हातमोजे घ्यायला गेलं की दुकानदाराला सांगते, दोन बोटांचं कापड कमी लागतं, भाव कमी कर," असं ती म्हणायची.

चौथ्या दिवशी सकाळी हे चहा पिता पिता सांगत होते. चेहरा असा फुललेला मी क्वचित पाहिला होता. "खुंटी पार झिजली होती. म्हणून ती आधी अडकायची नाही आणि नंतर सुटायची नाही. मी नवी घडवली. पोलादी. वर कडक स्प्रिंग. आता पाय टेकला की ठोका. मधे काही नाही. आणि एका पायाला एकच ठोका, जन्मात दुसरा नाही."

"छान झालं," मी म्हणाले. मी दूध उतू जाऊ नये म्हणून शेगडीकडे बघत होते. हे सायकल काढून गेले. त्यांना आधी बाजारातून तेलाचे डबे आणायचे होते.

मी दुसऱ्या शेगडीसाठी काड्यापेटी हातात घेतली. काडी ओढली आणि तशीच उभी राहिले. 'मधे काही नाही' हे ह्यांचे शब्द तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरले. काडी बोटापर्यंत जळत आली तरी माझं लक्ष नव्हतं.

बाहेर भोंगा झाला.

मी दार उघडं टाकून धावले. पायात चपला होत्या की नव्हत्या, ते मला आजही सांगता यायचं नाही. कारखान्याच्या फाटकापाशी पोचले तेव्हा आत मशीनं सुरू झाली होती. दरवानाने आडवा हात घातला.

"वहिनी, चिठ्ठी असल्याशिवाय आत जाता येत नाही."

"एक नंबरच्या बाईंना बाहेर बोलवा. आत्ताच्या आत्ता."

"कोण वारलं?"

"कुणी नाही हो! बोलवा आधी!"

"मग पाळीच्या वेळी कसं बोलवणार? सुपरवायझर मलाच बाहेर बसवेल. बाहेर तर मी आहेच म्हणा." तो आपल्याच विनोदावर हसला.

मी ऐकत होते. सहा मशीनं होती. पाच जणींचे ठोके जुन्या चालीवर पडत होते, जड आणि सावकाश. त्यांच्यात एक ठोका वेगळा होता, कोरडा, कडक. तो एकदा ऐकला. पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकला. मग तो थांबला. बाकीचे पाच चालू राहिले, आणि एकेक करून तेही थांबले.

कारखाना चालू असताना तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दरवानाचं हसू मावळलं. त्याने फाटक उघडलं.

आत बायकांचं कोंडाळं झालं होतं. त्यांच्यामधून वाट काढत जाऊबाई माझ्याकडे आल्या. डावा हात उजव्या हातात घट्ट धरलेला. मी तो हात ओढून घेतला. अंगठा होता. अख्खा होता. शेंड्याची कातडी सोलवटून निघाली होती, एवढंच.

"तू कशी आलीस?" त्या म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "आणि अशी अनवाणी? लोक म्हणतील, टाचांच्या कारखान्यात दोघंजण आणि घरच्या सुनेच्या पायाला चप्पल नाही." बायका हसल्या. जाऊबाईंनी माझा हात मात्र सोडला नाही.

खिळे बोचू नयेत म्हणून बायका अंगठ्यात चामड्याची टोपी घालत. जाऊबाईंनी ती थोरल्या भाऊजींच्या जुन्या बुटाच्या जिभेची शिवली होती. वापरून वापरून ती सैल झाली होती. सुपरवायझर नवं मशीन बघत जवळ उभा होता तोवर त्यांनी काठीच धरली होती; तो वळल्यावर पहिलाच ठोका पडला तेव्हा त्या सैल टोपीतून अंगठा सुटून आला आणि टोपी आत राहिली. सुपरवायझर परत यायच्या आत त्यांनी ती टाच पिशवीत लपवली, आणि ह्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून बायकांनीही तोंड उघडलं नाही. संध्याकाळी त्यांनी ती काढून मला दाखवली. सहा थर, त्यावर चपटी झालेली टोपी, आणि टोपीतून आरपार गेलेले दोन खिळे.

"ह्यांना सांगते," मी म्हणाले.

"खबरदार. पोराने पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने काही केलंय. सुपरवायझरने सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. मशीन चांगलंच झालंय, दोष माझ्या हाताचा आहे. हाताला नवी सवय लावीन. आणि सांगितलंस ना, तर तो साहेबासमोर जाऊन उभा राहील. साहेब म्हणेल, नियम मोडून आत हात घालतात, वयही झालंय, काढा बाईला. मग मी काय करू?"

मी शब्द दिला. आज मला वाटतं, तो द्यायला नको होता. पुढचे एकवीस दिवस त्या शब्दाचे आहेत.

टाच त्यांनी साबणाच्या डब्यात, वड्यांच्या खाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून त्या काठी वापरू लागल्या. पण सुपरवायझरला आता एक नंबरकडून जास्त काम हवं होतं. मशीन नवं झालं होतं ना. काठीने ते होईना. काठी सोडली की वरचा थर वाकडा बसे. तिसऱ्या दिवशी त्यांनी अंगठा बुटाच्या नाडीने तळहाताला बांधून घेतला. संध्याकाळी नाडी सोडली तेव्हा अंगठा काळानिळा झाला होता. "बांधलाय हे ठाऊक असतं तरी ओढ घेतो," त्या म्हणाल्या. "मेला कुत्र्यासारखा साखळी ताणतो."

माझ्या वहीत त्या दिवसांत फारसं काही नाही. 'वारा तिकडचा. एक नंबर चालू.' 'वारा नाही, ऐकू आलं नाही.' 'दुपारी ठोका थांबला. अर्ध्या तासाने सुरू.' त्या अर्ध्या तासात मी स्वयंपाकघरात भिंतीला धरून उभी होते. नंतर कळलं, पट्टा सुटला होता.

नवव्या दिवशी, हे बाहेर गेले होते तेव्हा, जाऊबाईंनी काड्यापेट्या काढल्या. "तू मशीन हो. पण मनात 'एक' म्हणू नकोस."

"नको ना ताई."

"मला बघू दे."

त्यांनी पाय आपटला. मी लगेच हात खाली आणला. माझ्या तळहाताखाली त्यांचा अंगठा होता. दुसऱ्यांदा होता. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "थांब, आता आवरते," डोळे मिटले, दात आवळले, पाय आपटला. अंगठा माझ्या तळहाताखाली होता. दहा वेळांत आठ वेळा सापडला. आधी मला तो एकदाही सापडला नव्हता.

जाऊबाई आपल्या हाताकडे बघत बसल्या. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या मांडीवर येऊन पडावा, तसं. "ऐकत नाही गं धाकटे," त्या म्हणाल्या. "मी 'नको' म्हणेपर्यंत हा जाऊन आलेला असतो." मग पहिल्यांदाच त्या माझ्यासमोर रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या दचकल्या. नंतर नंतर त्या सगळ्यालाच दचकू लागल्या. भांडं पडलं, दार आपटलं, की डावा हात आधी छातीशी जाई. हे विचारत, "वहिनीला झालंय काय?" मी सांगे, "झोप होत नाही." ते खोटं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी हे संध्याकाळी शीळ घालत घरी आले. "सोमवारपासून उरलेली पाचही मशीनं! साहेबाने परवानगी दिली. आधी दोन नंबर."

जाऊबाई भांडी पुसत होत्या. त्यांनी हातातलं ताट हळूच खाली ठेवलं. दोन नंबरवर एकवीस-बावीस वर्षांची मुलगी होती. अंगाने लहानशी, सतत बडबडणारी, म्हणून तिला चिमणी म्हणत. तिला काम जाऊबाईंनीच शिकवलं होतं.

"दोन नंबर," जाऊबाई म्हणाल्या. "तिची टोपी घट्ट आहे."

ह्यांना काही कळलं नाही. जाऊबाईंनी साबणाचा डबा काढला, वड्या बाजूला केल्या आणि ती टाच टेबलावर, ह्यांच्यासमोर ठेवली.

ह्यांनी ती उचलली, फिटर उचलतो तशी, उजेडाकडे धरून. "एक नंबरची ना? बघ, खिळे किती सरळ बसलेत. एकही वाकलेला नाही." मग त्यांनी बोटाने वरचा चपटा तुकडा चाचपला. "हे काय मधेच? शिवण कसली?" शिवणीच्या कडेने बोट फिरवता फिरवता ते टोपीच्या तोंडाशी आले, जिथून अंगठा आत जातो तिथे. तिथे त्यांचं बोट थांबलं.

त्यांनी मान वर केली. जाऊबाईंनी डावा हात पुढे धरला. शेंड्यावर नवी गुलाबी कातडी आली होती.

"केव्हा?"

"पहिल्याच दिवशी."

हे उठले आणि मोरीपाशी जाऊन उभे राहिले. पाठ आमच्याकडे. तसेच म्हणाले, "उद्या जुनी खुंटी परत बसवतो."

"आणि आठबोटीची बोटं?" जाऊबाई म्हणाल्या. "परत दोन ठोके देईल त्याचं काय? वेडा आहेस का? बस इथे. मशीनला ठोका कसा मारायचा ते शिकवलंस. आता माझा अंगठा काय करतो तेही त्याला शिकव, म्हणजे मला आत जायला नको."

"काय करतो तुझा अंगठा? मला हळूहळू करून दाखव."

त्यांना हळूहळू जमेना. हळू केलं की अंगठा भलतीकडेच जाई. तो काम फक्त वेगात, मशीनसमोरच करत असे. मग मी मशीन झाले, मनात 'एक' म्हणणारं जुनं मशीन, आणि हे टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत राहिले. सहा वर्षांचे असताना पाटीवर अक्षर कसं वळतं ते बघत असतील, तसेच. शंभर वेळा तरी झालं असेल. "सरळ ढकलत नाही," ते अखेर म्हणाले. "आधी मागे रेटतो, मग किंचित उजवीकडे. आणि वरून दाब नाहीच."

सुपरवायझरला त्यांनी काय सांगितलं मला ठाऊक नाही. अंगठ्याचं नाव काढलं नाही, हे नक्की. 'वाकड्या टाचा कमी करतो' असं काहीतरी सांगून आठ दिवस मागून घेतले, आणि तेवढे दिवस एक नंबर बंद ठेवलं. साच्याच्या बाजूला त्यांनी पोलादाची एक लहान जीभ स्प्रिंगवर बसवली. पाय दाबला की ती आधी थर मागे रेटे, मग उजवीकडे. आणि तिच्यापुढे एक पत्र्याची जाळी. पाय दाबल्यावर जाळी खाली येणार, पूर्ण खाली टेकली तरच खुंटी चाकात अडकणार. मधे काहीही असलं, हात, काठी, बोट, तर जाळी टेकणार नाही आणि ठोका पडणार नाही.

जाळी बसवल्यावर पहिल्या दिवशी मी घरी खिडकीत उभी होते. एक नंबरचा कोरडा ठोका यायला लागला. मग थांबला. मी डोळे मिटून घेतले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी जाऊबाईंनी सांगितलं. सवयीने अंगठा आत गेलाच होता. जाळी येऊन त्यावर टेकली, दार लावताना बोट सापडावं तेवढीच, आणि मशीन तसंच थांबलं. चाक नुसतं फिरत राहिलं. त्या अंगठा तिथेच ठेवून उभ्या राहिल्या. काढता येत होता, तरी काढवेना. सगळ्याजणी बघत होत्या. चिमणीसुद्धा आपलं मशीन सोडून जवळ आली होती. पॅकिंगवरून आठबोटी उठून आली, जाळीवरून आपला हात फिरवला आणि ह्यांना म्हणाली, "माझ्या वेळेला कुठे होतात हो मिस्त्री?"

हसतच म्हणाली. पण हे त्या दिवशी जेवले नाहीत.

महिन्याभरात सहाही मशीनांना जीभ आणि जाळी बसली. जाऊबाईंनी पुढे अकरा वर्षं काम केलं. दोन्ही अंगठे घेऊन घरी बसल्या, आणि तसं त्या सगळ्यांना सांगतही असत. आपण भ्यालो होतो हे मात्र कधी सांगितलं नाही. हे गेले तेव्हाही त्याच मला सांभाळायला होत्या.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी पलंगाशी बसून त्यांचा डावा हात हातात धरत असे. बोलणं बंद झालं होतं. दुपारी, डोळा लागला असं वाटावं तेव्हा, चादरीखाली त्यांचा उजवा पाय गादीवर दाबला जाई. मी लगेच माझी बोटं सैल करत असे. हातातून अंगठा झटकन सुटे, पुढे जाई, मागे रेटे, किंचित उजवीकडे, आणि परत येई. प्रत्येक वेळी तो परत येईपर्यंत मी श्वास रोखून धरत असे. आला की पुन्हा मुठीत घट्ट धरून ठेवत असे.